झेपेचा हिशेब

नाशिकच्या पूर्वेस गोदावरीच्या काठी असलेल्या एकलहरे या गावाची ओळख महाराष्ट्रास आहे ती तेथील औष्णिक विद्युत केंद्रामुळे. आणि 1979 ते 1981 या अवधीत तेथे उभारलेल्या, प्रत्येकी 210 मेगावॅट क्षमतेच्या तीन संचांची जनित्रे चालू असताना मिनिटाला 3000 फेरे करतात, ही गोष्ट केंद्राच्या वसाहतीत वाढलेल्या मुलांच्या कानावरून केव्हा ना केव्हा गेलेली असते. मिनिटाला 3000 म्हणजे सेकंदाला 50. अर्थात एका फेऱ्यास लागणारा अवधी सेकंदाचा पन्नासावा हिस्सा, 20 मिलिसेकंद. आपल्या घरातील प्रत्यावर्ती विद्युत्प्रवाहाचे एक आवर्तनही याच अवधीत पुरे होते. ज्या कौशल्याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे, त्याला सेकंद हे माप फार ढोबळ पडते आणि मिलिसेकंद हे माप मनात धरता येत नाही. सबब एकलहऱ्याच्या जनित्राचा एक फेरा हेच आपण येथे काळाचे माप म्हणून मुक्रर करू.

विषय आहे तो ऑनलाइन भूमिकाप्रधान खेळांतील उडीच्या आव्हानांचा. खेळणारी मंडळी त्यांना ‘जम्पिंग पझल’ म्हणतात. अशा खेळात माणूस एखाद्या योद्ध्याची, मांत्रिकाची वा धनुर्धराची भूमिका पत्करतो आणि हजारो अन्य माणसांसमवेत एकाच कल्पित जगात वावरतो. तेथील बहुतेक पराक्रम शस्त्रांच्या, मंत्रांच्या आणि महिनोन्महिने साठविलेल्या सामग्रीच्या बळावर सिद्धीस जातात. उडीचे आव्हान मात्र ही सारी मिळकत बेदखल करते. कड्यावरून तुळईवर, तुळईवरून एखाद्या भग्न कमानीवर, असे करीत शिखर गाठावयाचे आणि पाऊल चुकले की तळाशी परत यावयाचे, एवढाच तेथला कायदा. त्या कायद्यापुढे काल दाखल झालेला नवखा आणि दहा वर्षे मुरलेला सरदार यांची पायरी एकच असते. या समतेमुळेच मला हा प्रकार त्या जगातील इतर सर्व प्रकारांहून अधिक मोलाचा वाटतो, आणि म्हणूनच त्यातील प्रावीण्य कसे संपादन करावे हा प्रश्न गंभीरपणे विचारण्याजोगा वाटतो.

उडी ही या खेळांत मुळापासून आहे. 1981 साली शिगेरु मियामोतो यांनी रचलेल्या ‘डाँकी काँग’ या खेळाचा नायक, जो पुढे मारिओ या नावाने जगविख्यात झाला, तो प्रारंभी ‘जम्पमन’ याच नावाने ओळखला जाई. 1996 च्या ‘सुपर मारिओ 64’ मध्ये हा नायक त्रिमिती जगात उतरला, आणि उडी मारताना आपण नेमके कोणत्या बिंदूच्या वर आहोत हे खेळणाऱ्यास कळावे म्हणून त्याची सावली सदैव त्याच्या पायांच्या सरळ खाली पाडण्याची तजवीज केली गेली. सूर्य कोठेही असो, सावली पायांखालीच! निसर्गनियमांची ही बुद्ध्या केलेली मोडतोड ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तिचे मूळ कारण पुढे येईल. ऑनलाइन खेळांत उड्या पूर्वीपासून होत्या, परंतु 28 ऑगस्ट 2012 रोजी प्रसिद्ध झालेल्या, अरीनानेट या संस्थेने रचलेल्या ‘गिल्ड वॉर्स 2’ या खेळाने त्यांना स्वतंत्र दर्जा दिला: नकाशाच्या कानाकोपऱ्यांत डझनावारी आव्हाने दडविली, प्रत्येकास नाव दिले आणि शेवटी बक्षिसाची पेटी ठेवली.

आपल्या महाराष्ट्रातही उडीचा खेळ रचणारे हात आहेत. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या संस्थेचा ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ 2020 च्या ऑगस्टमध्ये प्रकाशित झाला. भिंतीवरून धावणारी, खांबांना लोंबकळून झेप घेणारी त्याची नायिका राजी ही कसरतीच्या कलेत वाढलेली मुलगी आहे आणि ती आपल्या धाकट्या भावाच्या, गोलूच्या, शोधात निघालेली आहे. हा खेळ ऑनलाइन नाही, एकट्याने खेळावयाचा आहे. तरी आपल्या विषयास तो एका कारणाने उपयुक्त आहे. त्यातील कॅमेरा, म्हणजे ज्या दृष्टीतून आपण ते जग पाहतो ती दृष्टी, बहुतांशी निर्मात्यांनीच नेमून दिलेली असते. ऑनलाइन भूमिकाप्रधान खेळांत ती मुखत्यारी सर्वस्वी खेळणाऱ्याच्या हाती सोपविलेली असते, आणि तेथील निम्मेअधिक अपघात, माझ्या मते, बोटांच्या चुकीने होत नसून या मुखत्यारीकडे झालेल्या दुर्लक्षाने होतात.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. उडी चुकली की खेळणारा म्हणतो, ‘माझा हात उशिरा पडला’. आणि हात अधिक चपळ व्हावा एवढ्यासाठीच तो पुनःपुन्हा प्रयत्न करीत राहतो. हा समज तपासून पाहण्याजोगा आहे. डोळ्यांस काही दिसल्यापासून बोटाने कळ दाबेपर्यंत निरोगी तरुण माणसास साधारणतः 200 ते 250 मिलिसेकंद लागतात. म्हणजे आपल्या मापाने जनित्राचे दहा ते बारा फेरे. समजा, पडद्यावरील पात्र सेकंदाला सहा मीटर या वेगाने धावत आहे. तर बारा फेऱ्यांच्या अवधीत ते जवळजवळ दीड मीटर पुढे गेलेले असते. मग जो मनुष्य ‘कडा आला की उडी मारीन’ असे ठरवून धावतो, त्याला कडा दिसेपर्यंत आणि बोट हलेपर्यंत पायाखालची जमीन संपलेली असणे हे अटळच नव्हे काय? अभ्यासाने हे दहा फेरे नऊ होतील, पण तीन कधीही होणार नाहीत. ज्यांच्या उड्या सहज साधताना दिसतात त्यांची प्रतिक्रिया आपल्याहून शीघ्र असते असे नव्हे. त्यांनी प्रतिक्रियेची गरजच उरू दिलेली नसते. उडी कोठून घ्यावयाची ती खूण, एखादी फरशीची सांध, गवताचा झुपका, भिंतीची सावली, त्यांनी धावू लागण्यापूर्वीच निश्चित केलेली असते, आणि कळ दाबण्याचा हुकूम मेंदूतून खुणेच्या अलीकडेच सुटलेला असतो. झेप तिच्या आधीच्या कड्यावर ठरते. हवेत जे घडते ते केवळ त्या निर्णयाची बजावणी.

काही निर्माते खेळणाऱ्याच्या या स्वाभाविक विलंबास सवलत देतात. 2018 सालच्या ‘सेलेस्ट’ या उड्यांच्याच खेळात पाय कड्यावरून सुटल्यानंतरही सेकंदाच्या एक दशांशापर्यंत, म्हणजे आपल्या पाच फेऱ्यांपर्यंत, दाबलेली कळ मान्य केली जाते. परंतु ही मेहेरबानी प्रत्येक ऑनलाइन खेळात असतेच असे नाही, आणि असली तरी तिची मुदत निरनिराळी असते. तेव्हा ज्या खेळात आपण वावरतो तेथील शिरस्ता काय आहे याची खातरजमा आपली आपणच करून घेणे हा पहिला धडा.

या खातरजमेचा फार जुना आणि फार उत्तम दाखला आपल्या परंपरेत आहे, आणि नाशिककरांस तो विशेष जवळचा आहे, कारण त्र्यंबकेश्वरच्या वाटेवरील अंजनेरीचा डोंगर हे हनुमंताचे जन्मस्थान अशी आपल्याकडील श्रद्धा आहे. वाल्मीकिरामायणाच्या किष्किंधाकांडाच्या अखेरीस वानरसेना समुद्रतीरी येऊन थबकते, तेव्हा कोणीही आवेशाने उडी टाकीत नाही. प्रथम प्रत्येक वीर आपली झेप किती हे सांगतो: एक दहा योजने म्हणतो, दुसरा वीस, असे चढत चढत वृद्ध जांबवान नव्वद योजने सांगतो, अंगद म्हणतो की शंभर योजने मी जाईन, पण परत येण्याची शाश्वती नाही. माझ्या दृष्टीने त्या साऱ्या प्रसंगाचा गाभा या मोजदादीत आहे. प्रत्येकास स्वतःच्या झेपेचा आकडा ठाऊक आहे आणि तो सभेत प्रामाणिकपणे सांगण्याचे धैर्य आहे. पुढे हनुमंतही थेट किनाऱ्यावरून उडत नाही. महेंद्र पर्वतावर चढतो, अंग आकसतो, श्वास कोंडतो, आणि मगच निघतो. ज्याला आपण पराक्रम म्हणतो त्याच्या मागे एवढी पूर्वतयारी आहे.

आपली झेप मोजण्याचे स्थान म्हणजे सपाट, निर्धोक जमीन. तेथे उभ्याने उडी मारून पाहावी, चालत मारून पाहावी, धावत मारून पाहावी आणि प्रत्येक वेळी पाय कोठे टेकतो ते एखाद्या फरसबंदीवर पाहून घ्यावे. उडीची उंची बहुधा ठरलेली असते. उंची ठरली की हवेतील अवधी ठरतो, आणि अवधीस वेगाने गुणले की अंतर मिळते, हे शाळेतील गणितच येथे लागू पडते. यातून दोन उपयुक्त निष्कर्ष निघतात. वेग वाढविणारी एखादी शक्ती अंगी असेल तर झेपही लांबते; ‘गिल्ड वॉर्स 2’ मध्ये हे स्पष्ट अनुभवास येते, आणि म्हणून ज्या वेगाने सराव केला तोच वेग प्रत्यक्ष आरोहणात राखला नाही तर सगळा हिशेब चुकतो. दुसरे असे की लक्ष्य खालच्या पातळीवर असेल तर हवेत राहण्याचा अवधी वाढल्यामुळे तीच उडी अधिक दूर पोचते, आणि वरच्या पातळीवर असेल तर आखूड पडते. नवखा मनुष्य खालच्या कड्यावर उतरताना जो पुढे निसटतो तो याच कारणाने. त्याच खेळात धिप्पाड ‘चार’ (Charr) नावाच्या वंशाचा वीर आणि इवलासा असुरा वंशाचा वीर यांची झेप एकाच लांबीची असते. डोळ्यांस मात्र लहान देह अधिक वेगाने धावल्यासारखा भासतो, आणि धिप्पाड देह अरुंद भुयारात दृष्टीच्या आड येतो. देहाची निवड ही अशा रीतीने बळाची बाब नसून दृष्टीची बाब ठरते.

दृष्टीविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण येथेच शिकण्यासारखे सर्वांत अधिक आहे आणि शिकविले सर्वांत कमी जाते. प्रत्यक्ष जगात आपणांस खोली कळते ती काही अंशी दोन डोळ्यांना दिसणाऱ्या दोन किंचित भिन्न चित्रांमुळे. पडद्यावर दोन्ही डोळ्यांस एकच सपाट चित्र मिळते, आणि खोलीचे ते साधन समूळ नाहीसे होते. मारिओच्या पायांखाली निसर्गाविरुद्ध सावली पाडावी लागली ती याचसाठी. ज्या खेळात तशी सावली नाही तेथे तिची जागा घेणारे एक साधन उरते: पाहणारा हलला की जवळची वस्तू अधिक सरकते आणि दूरची कमी. म्हणून उडीपूर्वी स्थिर उभे राहून कॅमेरा डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवावा. समोरचे दोन कडे एकमेकांच्या तुलनेत कसे सरकतात ते पाहताच कोणता जवळ, कोणता दूर याचा निर्णय होतो. मग कॅमेरा वर नेऊन अंतर पाहावे, बाजूस नेऊन उंची पाहावी, आणि शेवटी तो पात्राच्या ठीक मागे आणून, लक्ष्य, पात्र आणि आपली दृष्टी एका रेषेत आणून मगच धावावे. या तिन्ही दिशांच्या पाहणीस काही क्षणच लागतात, आणि ते घालविण्यास माणसे का कचरतात हे मला आजवर उमगलेले नाही. दिशा वळविण्याचे काम माउसकडे आणि पुढे जाण्याचे काम कळफलकाकडे, अशी हातांची वाटणी करावी. कळांनी वळणारे पात्र संथपणे वळते आणि हवेत असताना तेवढा वेळ नसतो. दृष्टिक्षेपाचा विस्तार वाढविण्याची आणि पडद्याचे हादरे बंद करण्याची सोय खेळाच्या सेटिंगमध्ये असेल तर ती आधी उरकून घ्यावी.

सर्व आव्हाने मात्र एका जातीची नसतात. ‘फायनल फँटसी 14’ या जपानी खेळाच्या 2017 सालच्या ‘स्टॉर्मब्लड’ या विस्तारात कुगाने नावाचे नगर आहे आणि त्या नगरात एक उत्तुंग मनोरा आहे. त्यावर चढताना वेळेचे बंधन नाही. छपराच्या कडेवर हवे तितके उभे राहावे, निरखावे, मोजावे. अशा ठिकाणी वर सांगितलेली पाहणी हीच विद्या. याउलट ‘गिल्ड वॉर्स 2’ मधील वेड्या राजाचा घड्याळ-मनोरा, जो 2012 च्या ऑक्टोबरात हॅलोविनच्या उत्सवानिमित्त प्रथम उघडला. तेथे सारे स्पर्धक एकदमच सोडले जातात, खालून हिरवे धुके चढत येते, आणि जो रेंगाळला तो धुक्यात गडप होऊन पुन्हा प्रतीक्षागृहात येतो. तेथे प्रत्येक कड्यावर थांबून पाहणी करणे म्हणजे पराभव पत्करणेच. पाहणी करावयाची ती प्रयत्नाच्या आधी, इतरांचे आरोहण बघून. आणि मार्ग लक्षात ठेवावयाचा तो तालाने: दोन आखूड, एक लांब, वळण, पुन्हा एक आखूड. तबला शिकणारा बोल आधी मुखाने म्हणतो आणि मग हातात आणतो, तशीच ही रीत. पहिल्या प्रकारात यश डोळ्यांचे असते, दुसऱ्यात स्मरणाचे. आणि एकाच्या पद्धतीने दुसरे आव्हान सोडवू पाहणाऱ्यास निष्कारण मनस्ताप होतो.

येथे एका लाडक्या सबबीची छाननी करणे प्राप्त आहे. उडी चुकली की ‘लॅग झाला’, ‘पिंग वाढले’, म्हणजे खेळाच्या सर्व्हरशी चाललेल्या संदेशांच्या देवघेवीस उशीर झाला, असे म्हणण्याचा प्रघात आहे. सर्व्हर युरोपात, समजा फ्रँकफर्टला आहे. नाशिकपासून सरळ रेषेत ते अंतर सुमारे साडेसहा हजार किलोमीटर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लक्ष किलोमीटर जातो, म्हणजे संदेशास जाऊन येण्यास निदान तीन फेऱ्यांहून अधिक अवधी लागणारच. आणि केबली समुद्रातून वळणे घेत जातात म्हणून प्रत्यक्षात सहा-सात फेरे सहज होतात. हा विलंब खरा आहे. परंतु बहुतेक ऑनलाइन भूमिकाप्रधान खेळांत आपल्या स्वतःच्या पात्राची हालचाल प्रथम आपल्याच यंत्रावर आकारली जाते आणि मग सर्व्हरला कळविली जाते. त्यामुळे स्थिर कड्यावरून स्थिर कड्यावर मारलेल्या उडीस फ्रँकफर्ट जबाबदार नसते. हलत्या फळ्या, उघडझाप करणारे दरवाजे, अन्य खेळाडूंची स्थाने या गोष्टी मात्र सर्व्हरच्या ताब्यात असतात, आणि तेथे ही तक्रार ग्राह्य धरावी लागते. त्याहून अधिक बाधक असते ती चित्रांची अनियमितता. सेकंदाला 60 चित्रे दाखविणाऱ्या यंत्रावर एक चित्र एका फेऱ्याहूनही कमी काळ टिकते, 30 दाखविणाऱ्यावर पावणेदोन फेऱ्यांच्या आसपास. दोन्हींची सवय होऊ शकते. ज्यावर कधी 60 आणि कधी 25 दिसतात त्याची सवय कदापि होत नाही. जुना लॅपटॉप असेल तर चित्रांचा थाट कमी करून घ्यावा आणि गती एकसारखी राखावी; शोभेचा हा त्याग फार फलदायी आहे.

आता अभ्यासाविषयी. अशा आव्हानाच्या रचनेतच एक अन्याय आहे, ज्याकडे क्वचितच लक्ष जाते: प्रत्येक पतनानंतर आरंभापासून चढावे लागत असल्यामुळे पहिल्या पाच उड्या माणूस शेकडो वेळा मारतो आणि शेवटच्या पाच उड्यांच्या वाट्यास मोजके प्रयत्न येतात. जो भाग साधला आहे त्याचाच सराव वाढत जातो, आणि जो साधलेला नाही तो अपरिचितच राहतो. शिवाय त्या अपरिचित भागाशी गाठ पडते ती नेमकी मन सर्वांत जास्त ताणलेले असताना. रॉय बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांनी 1984 साली दाखवून दिले की दडपणाखाली मनुष्य अंगवळणी पडलेल्या क्रियेकडे जाणीवपूर्वक लक्ष देऊ लागतो आणि त्यामुळेच ती बिघडते. शिखराजवळ हात कापतो त्याचे कारण भित्रेपणा नव्हे. सरावाची विषम वाटणी आणि अवधानाची चुकीची दिशा ही त्याची कारणे होत. म्हणून शेवटच्या उडीसारखीच उडी खेळातल्याच गावातील एखाद्या छपरावर, कुंपणावर, पुलाच्या कठड्यावर शोधून काढावी आणि पडण्याचे भय नसताना तिचा निरनिराळ्या दिशांनी सराव करावा. शे आणि मॉर्गन यांनी 1979 साली केलेल्या प्रयोगात मिश्र क्रमाने सराव करणारे लोक सरावाच्या वेळी मागे पडले, परंतु पुढे झालेल्या चाचणीत सरस ठरले. एकच उडी घोटत बसण्यापेक्षा निरनिराळ्या उड्या आलटून पालटून घ्याव्या, हा त्याचा आपल्यापुरता अर्थ. आणि रात्र फार झाली तर उठावे. हातांच्या हालचालींचे शिक्षण निद्रेत अधिक पक्के होते, असे 2002 च्या सुमारास झालेल्या बोटांच्या हालचालींवरील प्रयोगांत दिसून आले आहे. दमलेल्या हातांनी पहाटेपर्यंत केलेले प्रयत्न बहुधा चुकाच पक्क्या करतात.

हे खेळ ऑनलाइन आहेत याचा सर्वांत मोठा लाभ शेवटी सांगतो. ‘गिल्ड वॉर्स 2’ मध्ये मेस्मर या मायावी वर्गाच्या वीरास एक द्वार उघडता येते, आणि त्या द्वाराने खाली अडकलेल्या सोबत्यांस वर आणता येते. कित्येक अनुभवी मेस्मर शिखराशी थांबून अनोळखी लोकांस असे वर घेतात. या साहाय्याने मिळालेले यश खरे नव्हे, असे काही मानी खेळाडू म्हणतात. मला तसे वाटत नाही. वर आणलेल्या माणसास शेवटचा टप्पा निवांतपणे पाहता येतो, आणि ज्या उड्यांस सरावात वाटा मिळत नव्हता त्यांना तो मिळतो. द्वाराने वर जावे, मार्ग निरखावा, मग खाली येऊन आपल्या पायांनी चढावे. ज्याला कोणी द्वार उघडून दिले त्याने पुढे दुसऱ्यासाठी शिखराशी थोडे थांबावे, ही अपेक्षाही गैरवाजवी नाही.

‘गिल्ड वॉर्स 2’ चा मूळ भाग 2015 पासून विनामूल्य खेळता येतो, आणि त्यातील बहुतेक उडीची आव्हाने बारमाही खुली असतात. वेड्या राजाचा घड्याळ-मनोरा मात्र हॅलोविनच्या सुमारास, ऑक्टोबरातच उघडतो. तेव्हा ज्या वाचकास तो सर करण्याची इच्छा असेल त्याने वेळेचे बंधन नसलेले एखादे लहान आव्हान आजच निवडावे आणि मधले महिने तेथे खर्ची घालावे.